दुवा आणि प्रत

फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावायचं. पण फाईल दिली म्हणजे तिची प्रत समोरच्याच्या घरी जायची. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुलं झालं, २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आलं आणि आपण फाईलऐवजी नुसता दुवा देऊ लागलो. सोय मोठीच! पण ऐवज राहतो परक्याच्या कोठारात. याहूने १९९९ साली काढलेली ‘ब्रीफकेस’ २००९ मध्ये गुंडाळली. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने चाचेगिरीच्या आरोपावरून मेगाअपलोडला टाळं ठोकलं, तेव्हा कित्येकांच्या स्वतःच्या फायलीही आत अडकल्या. म्हणून मला वाटतं, आजी-आजोबांचे फोटो नातेवाइकांना दुव्याने जरूर पाठवावेत; पण प्रत्येकाने ते आपापल्या संगणकावर उतरवूनही घ्यावेत. असो.