अडीअडचणीचं पेव



देशावरच्या गावांत पूर्वी जमिनीत खोल पेव खणत. आतून कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. रोजच्या भाकरीला घरातली कणगी होतीच. पेवातला दाणा राखायचा तो पाऊस दडी मारील त्या वर्षासाठी.

मग दिवस पालटले. इंग्रजी अमलात सारा रोखीत आणि ठरल्या वेळी भरावा लागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडकला आणि आपल्याकडच्या कापसाला भाव चढला. सावकारही सढळ हातानं कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळला, वर कित्येक तालुक्यांत सारा वाढला. हाताशी शिल्लक नाही, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारी गेला. खतावर निशाणी केली आणि जमीन अडकली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पोचलं. लोकांचा रोख होता तो खतांवर आणि वह्यांवर. ती हिसकावून त्यांनी जाळली. पुढं १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. पण त्याआधीच १८७६ चा दुष्काळ येऊन गेला होता. कायदा सवडीनं येतो, संकट सवड देत नाही.

१९९२ मध्ये नाबार्डनं बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा बायांना सावकाराशिवाय दुसरं दार मिळालं. तरी एक गोष्ट आपण ध्यानात घेऊ. गटाची बचत बहुतेक वेळा कर्जानं वाटलेली असते. रात्री लेकराला दवाखान्यात न्यायचं झालं, तर ती लगेच हाती येईलच असं नाही.

म्हणून घराचं पेव वेगळं हवं. ते बियाण्याला नाही, लग्नाला नाही, सणालाही नाही. आजारपण, बुडालेली मजुरी, मेलेली म्हैस यांसाठीच ते उघडायचं. पैसे बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यात ठेवावेत, म्हणजे लागतील तेव्हा काढता येतात. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम साठली तर उत्तम. सुरुवात आठवड्याच्या वीस रुपयांनीही होते. व्याज थोडं मिळेल, पण अडल्या वेळी शेळी मातीमोल विकावी लागणार नाही, हाच त्याचा नफा.

आणि पेव उपसलं, तर पुढच्या सुगीला आधी तेच भरायचं.