पाच वॅटचे केंद्र: प्रस्तावना

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद राहिली. त्या दिवसांत मोबाइलची रेंज आणि बॅटरी किती मोलाची झाली होती, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. मनोरे आणि केबल नसतानाही शेकडो मैलांवरच्या माणसाशी बोलता येते आणि त्यासाठीचे सगळे सामान शाळेच्या दप्तरात मावते, हे मात्र अजून थोड्यांनाच ठाऊक आहे. हे पुस्तक त्या दप्तराविषयी आहे.

हौशी रेडिओवाल्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. डिसेंबर 2004 मध्ये डी. भारती प्रसाद आणि त्यांचे हैदराबादचे सहकारी पोर्ट ब्लेअरला तात्पुरते केंद्र उभारून जगभरच्या हॅमांशी संपर्क करत होते. 26 तारखेला त्सुनामी आली, आणि हौसेखातर उभारलेल्या त्याच केंद्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. आपल्या पुण्यात सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. हॅमांचे संदेश पोचवण्यासाठीचा तो उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोने अवकाशात सोडला. मराठी मुलांच्या हातून हे काम झाले, याचा मला फार अभिमान वाटतो.

या पुस्तकातले केंद्रही साधारण एक किलोचेच आहे. मोर्सच्या टिंब-रेघांच्या संकेतांवर पाच वॅटच्या आत काम करण्याला हॅमांच्या भाषेत 'क्यूआरपी' म्हणतात. पाच वॅट म्हणजे घरातल्या लहान एलईडी दिव्याइतकी वीज. एवढ्याशा शक्तीवर लांबचा पल्ला कसा गाठता येईल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलो, तरी ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरवर काटा जेमतेम दोन घरे खाली येतो. ही दोन घरे भरून काढायला योग्य वेळ, नीट टांगलेली वायर आणि सरावलेला कान पुरतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये कमी शक्तीचा गट वेगळा ठेवतात. अमेरिकेतल्या 'फील्ड डे'मध्ये तर पाच वॅटच्या आत, बॅटरीवर चालवलेल्या केंद्राच्या संपर्कगुणांना पाचाने गुणतात.

आता दप्तर उघडू. कळंबा तलावाच्या बांधावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली की मी तिथे बसतो. समोर पाणी, पलीकडे कात्यायनीचे डोंगर. दप्तरातून पहिल्यांदा निघते ती मुठीत मावणारी वीस मीटर बारीक वायर, कारण 7 मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी तेवढीच भरते. तिचा मधला भाग मासे धरायच्या फायबरच्या काठीच्या टोकाला बांधायचा, काठी उभी करायची आणि दोन्ही बाजू उतरत्या ताणून धरायच्या. फांदीवर दगड बांधलेली सुतळी फेकूनही काम होते, पण खालून माणसे जात असतील तर मी ते टाळतो. दिवसा या लहरींवर पुणे, हैदराबाद, बेंगळुरू ऐकू येतात. रात्री पल्ला वाढतो. रेडिओ ऐकताना सुमारे शंभर मिलिअँपिअर आणि बोलताना एक अँपिअर घेतो. म्हणजे तीन अँपिअर-तासांच्या बॅटरीवर अख्खा दिवस निघतो. उरली मोर्सची की, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, पावसाच्या थेंबाने शाई फुटते.

यंत्र महागच असले पाहिजे असेही नाही. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी 'बिटएक्स' हा रेडिओ आखला तेव्हा त्यातली कॉइल गुंडाळायला त्यांनी नळाचे नायलॉनचे वायसर वापरले. आज जगभर हा रेडिओ लोक हाताने जोडतात. नवख्याने एकदा तरी असा रेडिओ जोडून पाहावा, कारण बिघाड कुठे झाला आहे हे मग बांधावर बसूनही उमगते.

वाचकांनी मात्र सुरुवात कानापासून करावी. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येतो. रोज पंधरा मिनिटे ऐकलेत तर महिन्याभरात गोंगाटातून एक बारीक स्वर वेगळा काढता येऊ लागेल. ऐकण्याची ही सवय असली तर पुढची प्रकरणे सोपी जातील. गणिताची प्रकरणे पहिल्या वाचनात सोडलीत तरी चालेल. वायरवरचे प्रकरण सोडू नका.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स लागत नाही, 'जनरल'ला लागतो. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो, म्हणून ते बाहेर नेण्याआधी अटी वाचाव्यात आणि लागेल ती परवानगी घ्यावी. कळंब्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. त्याच्या आसपास वायर टांगू नये. बांधावर कुणी 'हे काय?' असे विचारले तर हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावा. माझे दोन विद्यार्थी मला असेच भेटले.

पहिल्या प्रकरणाला वीस मीटर वायर, सुतळी आणि मोजपट्टी लागेल. तेवढे सामान जवळ घेऊनच पान उलटावे.

कळंबा, कोल्हापूर