जुन्या पॉवर टिलरची पुनर्बांधणी

जुन्या पॉवर टिलरची पुनर्बांधणी म्हणजे नादुरुस्त झालेला किंवा दीर्घकाळ बंद पडून राहिलेला पॉवर टिलर सुटा करून, त्याचे झिजलेले भाग दुरुस्त करून अथवा बदलून तो पुन्हा कामाजोगा करण्याची प्रक्रिया होय. गरजेनुसार त्यात मूळ रचनेतील फेरबदलही केले जातात. अमेरिका व युरोपात बागकामाच्या जुन्या ट्रॅक्टरांची पुनर्बांधणी प्रामुख्याने छंद म्हणून केली जाते. कोकणात मात्र तिचा संबंध थेट भातशेतीशी आहे. अरुंद खाचरांत मोठा ट्रॅक्टर उतरत नाही आणि बैलजोडी वर्षभर पोसणे अनेकांना परवडत नाही. अशा ठिकाणी जुना टिलर चालू राहणे म्हणजे जमीन लागवडीखाली राहणे होय.

नाव व स्वरूप

पॉवर टिलर हा एका आसावर दोन चाके असलेला छोटा ट्रॅक्टर आहे. चालक त्याच्या मागून दांडे धरून चालतो. मराठीत 'पॉवर टिलर' हाच शब्द रूढ असून बोलण्यात नुसते 'टिलर' म्हणतात. भारतात प्रचलित असलेल्या बहुतेक मोठ्या टिलरांना आडवे, एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन असते. त्यांची शक्ती साधारणपणे ८ ते १५ अश्वशक्ती असते.

इंजिनाची गती पट्ट्यांमार्फत मुख्य क्लचला आणि तेथून गिअरबॉक्सला मिळते. गिअरबॉक्समधून एक वाट चाकांकडे जाते व दुसरी मागील रोटरीकडे. रोटरीच्या आसावरील वाकडी पाती माती कापतात व भुसभुशीत करतात. प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र स्टिअरिंग क्लच असतो. ज्या बाजूचा क्लच दाबावा त्या बाजूच्या चाकाची गती तुटते आणि यंत्र तिकडे वळते.

इतिहास

फिरत्या पात्यांनी मशागत करण्याच्या यंत्राचा विकास विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये यासंबंधीचे प्रयोग सुरू केले आणि १९२२ मध्ये उत्पादनासाठी कंपनी स्थापन केली. 'रोटाव्हेटर' हे नाव त्यांच्याच यंत्रामुळे रूढ झाले. अमेरिकेत बेंजामिन ग्रेव्हली यांनी १९१६ मध्ये मोटार-नांगराचे पेटंट मिळवले. पुढे तेथे घराभोवतीच्या बागांसाठी बसून चालवण्याचे छोटे ट्रॅक्टर लोकप्रिय झाले. १९६१ मध्ये बाजारात आलेला 'कब कॅडेट' हा त्यांतील प्रसिद्ध ट्रॅक्टर होय. असे जुने ट्रॅक्टर घरच्या कार्यशाळेत मूळ रंगरूपात आणणे हा आज तेथील एक रुजलेला छंद आहे.

भारतातील पॉवर टिलरांवर जपानी यंत्रांचा प्रभाव आहे. जपानमधील भाताची खाचरेही लहान असल्याने तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्राचा झपाट्याने प्रसार झाला. कुबोटा कंपनीने आपले पहिले मशागत यंत्र १९४७ मध्ये तयार केले. भारतात १९६० च्या दशकात जपानी सहकार्याने टिलरांचे उत्पादन सुरू झाले. बंगळूरची व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने, तर केरळ शासनाची कॅम्को ही कंपनी १९७३ मध्ये स्थापन झाली.

पुनर्बांधणीला लागणारे ज्ञान महाराष्ट्रात टिलरबरोबर नव्याने आलेले नाही. पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली आणि एक सिलिंडरची डिझेल इंजिने विहिरींवरील पंपांसाठी राज्यभर वापरली जाऊ लागली. त्यामुळे लायनर, पिस्टन, नोझल आणि इंधन पंप यांची दुरुस्ती जाणणारे कारागीर तालुक्याच्या गावी टिलर येण्याआधीपासून होते.

कोकणातील पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उताराच्या जमिनीवर बांध घालून केलेली भाताची खाचरे अनेकदा काही गुंठ्यांचीच असतात. चिखलणीचा काळ थोडा असतो. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी रोपे लावणीस तयार होतात. ती तरव्यात जास्त दिवस राहिली तर पुढे फुटवे कमी येतात. या पंधरवड्यात टिलर बंद पडल्यास नुकसान त्या वर्षीच्या पिकाचे होते. म्हणून कोकणात पुनर्बांधणीची कामे भातकापणीनंतर हाती घेतली जातात आणि मृग नक्षत्रापूर्वी संपवली जातात.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखाशी असलेले भाट्ये हे गाव या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे १९५५ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र असून ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. नारळाच्या दोन झाडांत साधारण ७.५ मीटर अंतर ठेवले जाते. झाडाची बहुतांश कार्यक्षम मुळे बुंध्यापासून सुमारे २ मीटरच्या आत असतात. दोन्ही बाजूंची ही जागा सोडल्यास मध्ये सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा उरतो. त्यात टिलर सहज फिरतो. मात्र याच किनारी परिसरात यंत्राचे तीन शत्रू एकत्र येतात. खारा वारा पत्रा व नट-बोल्ट गंजवतो, वाळू पाती व ऑइल सील झिजवते आणि खाडीकाठच्या विहिरींचे मचूळ पाणी इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत क्षार साठवते.

प्रक्रिया

पाहणी व निर्णय. पुनर्बांधणी परवडेल की नाही, हे बाह्य रूपावरून ठरत नाही. गंजलेला पत्रा, फाटलेले पट्टे किंवा झिजलेली पाती यांचा खर्च मर्यादित असतो. इंजिनाचा मुख्य साचा, क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचे कवच हे तीन भाग मात्र तडकलेले असल्यास खर्च यंत्राच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. म्हणून प्रथम वंगण तपासले जाते. इंजिनातील तेल दुधासारखे पांढरट असेल तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजतात. त्याचे कारण हेड गॅस्केट, लायनरची रबरी कडी किंवा तडा यांपैकी एक असते. गिअरबॉक्समधील तेल चिखलासारखे निघाल्यास आसाचे ऑइल सील निकामी झालेले असतात. तेलातील धातूचा चुरा दाते किंवा बेअरिंग झिजल्याचे दाखवतो.

सुटे करणे. भाग काढताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे आणि नट-बोल्ट स्वतंत्र डब्यांत नावानिशी ठेवणे उपयुक्त ठरते. इंधन पंपाखालील पातळ चकत्यांवर इंधन फवारण्याची वेळ अवलंबून असते. त्यांची संख्या व जाडी नोंदवणे आवश्यक असते. मूळ पुस्तिका न मिळाल्यास या नोंदीच पुढे जोडणीच्या वेळी कामी येतात.

जाम झालेले इंजिन. दमट हवेत पडून राहिलेल्या इंजिनाचा पिस्टन लायनरला धरून बसतो. अशा वेळी हेड काढून पिस्टनवर डिझेल व इंजिन तेलाचे मिश्रण ओतले जाते, ते काही दिवस मुरू दिले जाते आणि मग फ्लायव्हील थोडे थोडे मागेपुढे हलवले जाते. पिस्टनवर थेट हातोडा मारल्यास तो फुटतो. सुटल्यानंतर लायनरची झीज वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी आणि परस्परांना काटकोनात मोजली जाते. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे असल्यास लायनर, पिस्टन आणि रिंगा एकत्र बदलल्या जातात. जुन्या झिजलेल्या लायनरमध्ये केवळ नव्या रिंगा घातल्यास धूर व तेलाचा खप फार काळ आटोक्यात राहत नाही.

गंज काढणे. जाड भागांवरील गंज तारेच्या ब्रशने काढला जातो. नक्षीदार किंवा दातेरी भागांसाठी विद्युत पद्धत वापरली जाते. प्लॅस्टिकच्या टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरणे टाळले जाते, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने ती उघड्यावरच करावी लागते. साफ झालेल्या लोखंडावर ओल्या हवेत काही तासांतच पुन्हा गंज चढतो. म्हणून तो भाग लगेच वाळवून त्यावर प्रायमरचा थर देतात.

जोडणी व चाचणी. ऑइल सील, गॅस्केट आणि इंधनाच्या रबरी नळ्या सरसकट नव्या घातल्या जातात. व्हॉल्व्हची फट उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे ठेवली जाते. इंधन नळीतील हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पहिल्या चाचणीत इंजिन भाराविना चालवून धुराचा रंग पाहतात. काळा धूर जादा इंधन किंवा तुंबलेला हवागाळक दर्शवतो, निळा धूर तेल जळत असल्याचे आणि तापल्यावरही राहणारा पांढरा धूर इंधन अर्धवट जळत असल्याचे किंवा पाणी आत जात असल्याचे सुचवतो. त्यानंतर काही तास हलक्या भारावर चालवून इंजिन तेल बदलले जाते.

फेरबदल

कोकणात सर्वाधिक आढळणारा फेरबदल म्हणजे रबरी चाकांच्या जागी किंवा त्यांच्या जोडीला चिखलणीसाठी लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके बसवणे. याखेरीज बसण्याची जागा व मागचे चाक, ट्रेलरचा दुवा, दिवे, तसेच इंजिनाच्या पुलीवरून पाण्याचा पंप किंवा मळणी यंत्र चालवण्याची सोय हे फेरबदल केले जातात.

मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेल्यास दुसरे इंजिन बसवले जाते. त्या वेळी पुलीचे माप जुळवणे महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, मूळ इंजिन मिनिटाला २००० फेरे करत असेल आणि नवे २६०० फेरे करत असेल, तर पुली तीच ठेवल्यास रोटरी ३० टक्के अधिक वेगाने फिरेल. त्यामुळे पाती लवकर झिजतात आणि बेअरिंगांवर ताण येतो. मूळ वेग राखण्यासाठी १२० मिलिमीटर व्यासाच्या पुलीऐवजी सुमारे ९२ मिलिमीटरची पुली लागते. पुली फार लहान घेतल्यास मात्र पट्टा घसरतो. त्यामुळे मूळ इंजिनाच्या जवळपास वेग असलेले इंजिन निवडणे अधिक सोयीचे ठरते.

सुट्या भागांची उपलब्धता हा जुन्या टिलरांचा कायमचा प्रश्न आहे. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये पॉवर टिलर आणि त्याच्या प्रमुख भागांच्या आयातीवर निर्बंध घातले. बेअरिंग, ऑइल सील व पट्टे प्रमाणित मापांत मिळतात. बुशिंग, पिना आणि आस लेथवर करून घेता येतात. गिअरची चाके मात्र तशी करणे महाग पडते. म्हणून एकाच नमुन्याचे दोन बंद टिलर घेऊन त्यांतून एक चालू करण्याची पद्धत आढळते.

सुरक्षितता व कायदा

उतारावरून टिलर नेताना स्टिअरिंग क्लचचा परिणाम उलटा होतो. चढावर किंवा सपाटीवर डावा क्लच दाबल्यास यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र डावे चाक मोकळे सुटून वेगाने फिरते, उजव्या चाकाला इंजिनाचा अटकाव राहतो आणि यंत्र उजवीकडे वळते. बांधाच्या व घाटीच्या वाटांवर ही गोष्ट ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते.

इंधन पंप चुकीचा जोडला गेल्यास डिझेल इंजिनाचा वेग अनावर वाढू शकतो. म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी हवेची वाट झाकण्यासाठी एक सपाट फळी हाताशी ठेवली जाते. वाट हाताने झाकणे धोक्याचे असते. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडची बाधा होऊ शकते. रोटरीत अडकलेले गवत किंवा दोरी इंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावी. रोटरी व पट्ट्यांवरील पत्र्याची आवरणे पुनर्बांधणीत वगळणे ही गंभीर चूक ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येनुसार ट्रेलर जोडलेल्या पॉवर टिलरचा वेग ताशी २२ किलोमीटरहून आणि वहनक्षमता १.५ टनाहून अधिक असता कामा नये. वेग वाढवणारे फेरबदल या मर्यादेचा भंग करतात. टिलरचे ब्रेकही त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

साठवण

पुनर्बांधणी केलेला टिलर टिकणे हंगामानंतरच्या निगेवर अवलंबून असते. यंत्र गोड्या पाण्याने धुऊन वाळवतात, पाती व उघड्या लोखंडाला तेल अथवा ग्रीस लावतात आणि पाण्याची टाकी रिकामी करतात. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवतात, म्हणजे आतील पत्र्यावर ओल धरत नाही. फ्लायव्हील फिरवून पिस्टन दाबाच्या फेऱ्यात सर्वांत वर आणून ठेवला जातो. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याने दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवून पुन्हा त्याच स्थितीत ठेवल्यास पिस्टन जाम होण्याचा धोका बराच कमी होतो.

हे सुद्धा पहा

डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, नांगर, भात, नारळ, भाट्ये, रत्नागिरी जिल्हा