ऱ्होनच्या दोन तीरांवरून

दक्षिण फ्रान्समधील आविन्यों शहरी जाणारा प्रवासी बहुधा थेट पोपच्या राजवाड्यात शिरतो, दालनामागून दालने पाहून दमतो आणि चौदाव्या शतकातील ख्रिस्तसभेचा इतिहास आपण पाहिला, असे समाधान मानून बाहेर पडतो. राजवाडा भव्य आहे यात शंका नाही. परंतु पोपमहोदय या शहरी का राहिले आणि राहूनही त्यांच्या स्वातंत्र्याविषयीचा संशय का मिटला नाही, या प्रश्नांचे उत्तर त्या रित्या दालनांपेक्षा बाहेर वाहणाऱ्या ऱ्होन नदीच्या काठी अधिक स्पष्ट मिळते. शिवाय ही काठाकाठाची वाट अगदी सोपी आहे. आरंभीचा खडक आणि शेवटचा किल्ला वगळला तर चढ असा नाहीच. वयस्कर माणसानेही अर्ध्या दिवसात सावकाश करावी अशी ही पायपीट आहे.

आरंभ करावा तो राजवाड्याच्या उत्तरेस असलेल्या रोशे दे दोम या खडकावरून. येथून सारा भूगोल एका दृष्टिक्षेपात येतो. पायथ्याशी ऱ्होनचा एक प्रवाह, मध्ये बार्तलासचे हिरवे, सपाट बेट, त्यापलीकडे नदीचा दुसरा प्रवाह आणि पैलतीरावर व्हिलनव्ह हे गाव. त्या गावाच्या कडेला एक चौकोनी मनोरा उभा आहे आणि वरच्या टेकडीवर किल्ल्याची तटबंदी. हा मनोरा व हा किल्ला वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्यांच्याकडेच जायचे आहे.

खडकाच्या उताराला आविन्योंचे कॅथीड्रल आहे आणि त्यात पोप जॉन बाविसावे यांची समाधी आहे. आपल्याकडील माणसाने येथे घटकाभर थांबावे, असे मला वाटते. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी रक्तसाक्ष दिली. त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरणारा डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानुस हा दक्षिण फ्रान्सचाच. पुढे १३२९ मध्ये याच पोप जॉन बाविसाव्यांनी भारतात क्विलॉन, म्हणजे कोल्लम, येथे धर्मप्रांत स्थापन केला आणि जॉर्डानुसला तेथील बिशप नेमले. ठाणे आणि सोपारा ही नावे ज्या दरबारात उच्चारली गेली, तो दरबार या खडकाच्या पायथ्याशी होता. मात्र आज दिसणारा राजवाडा तेव्हा उभा नव्हता. त्याचे बांधकाम पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३५ मध्ये आरंभले. जॉन बाविसावे जुन्या बिशपवाड्यातच राहत असत.

खडकावरून पायऱ्या उतरून नदीकाठी आले की डाव्या हाताला तो प्रसिद्ध तुटका पूल दिसतो. बेनेझे नावाच्या एका मेंढपाळ पोराला दैवी आज्ञा झाली, तो ११७७ मध्ये आविन्योंस आला, बिशपांनी त्याची थट्टा केली, तेव्हा त्याने एक अजस्र शिळा एकट्याने उचलून दाखविली आणि पुलाचा पाया घातला, अशी कथा आहे. कथा बाजूस ठेवली तरी ११७७ ते ११८५ या काळात ऱ्होनवर पूल उभा राहिला, हे खरे. नदी येथे अवखळ. तिच्यावर पूल बांधणे हे त्या काळी पुण्यकर्मच मानले जाई. पुढील दगडी पुलाला बावीस कमानी होत्या आणि त्याची लांबी सुमारे ९०० मीटर होती. आज चारच कमानी उरल्या आहेत. त्यांतील दुसऱ्या खांबावर नावाड्यांचा आश्रयदाता संत निकोलस याचे छोटे चॅपेल आहे. पुलावरील नृत्याचे गाणे जगभरची मुले गातात, पण पूल इतका अरुंद की त्यावर फेर धरून नाचणे म्हणजे पाण्यात पडण्याचीच तयारी!

या पुलाने दोन गावे नव्हे, दोन राज्ये जोडली होती. मध्ययुगात ऱ्होनचा उजवा तीर फ्रान्सच्या राजाचा आणि डावा तीर पवित्र रोमन साम्राज्याचा. प्रत्यक्षात डाव्या तीरावर प्रोव्हान्सच्या काउंटची सत्ता होती, पण नाव साम्राज्याचे. ऱ्होनवरील नावाडी डावा-उजवा असे म्हणतच नसत. एक बाजू 'साम्राज्य' आणि दुसरी बाजू 'राज्य', असे ते ओरडत. साम्राज्य गेले, राजा गेला, तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत हे शब्द त्यांच्या तोंडी राहिले. काठावरच्या वाटेने घोडे नावा प्रवाहाविरुद्ध ओढून नेत. आजच्या फिरणाऱ्यांची वाट अशाच घोड्यांच्या टापांनी मळलेल्या काठांची वारस आहे.

सीमेवरचा पूल म्हणजे भांडणाचे मूळ. १२२६ मध्ये राजा आठवा लुई सैन्य घेऊन आला, आविन्योंने त्याची वाट अडविली, तीन महिने वेढा पडला आणि शहर शरण आल्यावर तटाबरोबर पुलाचीही मोडतोड झाली. पूल पुन्हा उभारला गेला. १२९३ पासून पुढे राजा चौथा फिलीप याने पैलतीरी पुलाच्या तोंडाशी मनोरा बांधविला. आपण खडकावरून पाहिला तो हाच. म्हणजे १३०९ मध्ये पोप क्लेमेंट पाचवे आविन्योंस आले, तेव्हा राजाचा पहारेकरी समोर आधीच उभा होता.

पोप फ्रान्समध्ये राहावयास गेले, असे आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्रास लिहिले जाते. काठावर उभे राहिले की या वाक्यातील ढिलाई कळते. ते फ्रान्समध्ये नव्हते. शेजारचा कोंता व्हनेसें प्रदेश १२७४ पासून पोपसत्तेचा होता आणि आविन्यों शहर १३४८ मध्ये पोप क्लेमेंट सहावे यांनी नेपल्सची राणी जोआन्ना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिनांना विकत घेतले. कायद्याने ते आपल्याच घरी होते. परंतु घराच्या खिडकीतून जे दिसते तेही खरेच असते. फ्रान्सच्या राजाचा दावा तर असा की ऱ्होनचे पाणी आविन्योंच्या तटापर्यंत आपले. पूर आला आणि रस्त्यांत पाणी शिरले की राजाचे अधिकारी त्या रस्त्यांवरही हक्क सांगत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असली तरी तिने त्या शेजाराचे वर्म अचूक पकडले आहे.

क्लेमेंट सहावे हे थाटामाटाचे भोक्ते म्हणून इतिहासात बदनाम आहेत आणि ते अगदी अकारण नाही. तथापि, त्याच १३४८ साली प्लेगने शहरात कहर केला, दफनभूमी अपुऱ्या पडल्या, तेव्हा ऱ्होनचे पाणी त्यांनी आशीर्वादित केले व मृतांना नदीत सोडण्याची अनुज्ञा दिली, असे सांगतात. यहुद्यांनी विहिरींत विष कालविले अशी हाकाटी युरोपभर उठली, तेव्हा यहुदीही इतरांप्रमाणेच प्लेगने मरत आहेत हे दाखवून देणारे आणि त्यांना अभय देणारे आदेश याच पोपमहोदयांनी काढले. राजवाड्यातील भित्तिचित्रांपेक्षा मला हे आदेश मोलाचे वाटतात.

पुलाजवळून बार्तलास बेटावर नेणारी होडी विनामूल्य आहे. होडी नसेल त्या वेळी दालादिए पुलावरून चालत जावे. बेटावर नदीला लागून एक सपाट पायवाट आहे, झाडांच्या सावलीतली. या वाटेवरून पुलाच्या चार कमानी, कॅथीड्रल व राजवाडा एका ओळीत दिसतात. सूर्य कलल्यावर पश्चिमाभिमुख भिंती तांबूस होतात, म्हणून बरेच जण संध्याकाळीच येतात. बेटावर फळबागा व शेते आहेत आणि ती पुराच्या गाळावर पोसलेली आहेत. १८५६ च्या महापुराची आठवण ऱ्होनकाठी अजून काढली जाते. आज धरणांनी नदी बरीच शांत केली आहे.

बेट ओलांडून दुसऱ्या प्रवाहावरील पुलावर आलो की आपण त्या जुन्या सीमेवर असतो. गंमत अशी की या पुलाला आजही 'राज्याचा पूल' म्हणतात आणि व्हॉक्लूझ व गार या दोन जिल्ह्यांची हद्द आजही याच पाण्यातून जाते. जून १३७६ मध्ये सिएनाची संत कॅथरिन आविन्योंस आली, ती पोप ग्रेगरी अकरावे यांना रोमला परतण्याची विनवणी करण्यासाठी. १३ सप्टेंबर १३७६ रोजी त्यांनी शहर सोडले आणि जानेवारी १३७७ मध्ये ते रोममध्ये पोहोचले. परंतु पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले, दोन पोप निवडले गेले, त्यांतील एक पुन्हा याच तीरावर येऊन बसला आणि १४१७ पर्यंत ख्रिस्तसभा दुभंगलेली राहिली. त्या वेळी फ्रान्सच्या राजाने कोणाची बाजू घेतली, हे पैलतीरावरचा मनोरा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

व्हिलनव्हमध्ये शिरताना मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून मागे वळून पाहावे. पुलाची उरलेली कमान आणि हा मनोरा यांच्यामध्ये आता नुसते पाणी आणि बेट आहे. १६६९ च्या पुरानंतर पूल दुरुस्त करण्याचा नाद सोडून देण्यात आला. आविन्यों मात्र १७९१ पर्यंत पोपसत्तेखालीच राहिले.

गावात अनेक कार्डिनलांचे वाडे होते, कारण आविन्योंत जागा अपुरी आणि गर्दी भारी. वर सेंट आंद्रेचा किल्ला राजाचा. खाली पोप इनोसंट सहावे यांनी १३५६ मध्ये स्थापन केलेला कार्थुसियन मठ. त्यांनी आपल्या चिरविश्रांतीसाठी नदीअलीकडचे वैभवशाली शहर निवडले नाही. मौनव्रती संन्याशांच्या या मठात, फ्रान्सच्या राजाच्या भूमीवर, त्यांची समाधी आहे. मठाच्या चर्चची एक बाजू ढासळलेली आहे आणि त्या उघड्या जागेतून वर राजाचा किल्ला स्पष्ट दिसतो.