तराजू आणि तालीम

रेल्वे स्थानकाच्या फलाटावर उभे असलेले वजनाचे यंत्र आमच्या पिढीतील बहुतेकांना आठवत असेल. दिवे लुकलुकत, काचेआड चक्र फिरत असे. नाणे टाकले की खटकन पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. सुटीत मामाच्या गावी निघालेली आम्ही मुले भविष्य आधी वाचत असू. वजनाकडे कोणी फारसे पाहत नसे. आज तोच काटा घरोघरी न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसला आहे आणि त्यावरचा आकडाच लोक आपले भविष्य म्हणून वाचू लागले आहेत.

बडोद्याच्या कमाटी बागेत पहाटे फिरायला येणाऱ्या आमच्या समवयस्कांत एक गोष्ट वारंवार दिसते. मधुमेहाची चाहूल लागते, वैद्य चालायला सांगतात, घरात साखर-तूप बेताचे होते. दोन-तीन महिने मंडळी नेमाने येतात. मग एक दिवस 'पाऊण किलोसुद्धा उतरले नाही' असे हताशपणे सांगतात आणि दिसेनाशी होतात. आम्हीही एकदा त्या उंबरठ्यावर उभे होतो. चार महिन्यांच्या चालण्यानंतर काटा जागचा हलला नव्हता. व्यायाम व्यर्थ गेला, की साक्षीदारच चुकीचा निवडला गेला, हा प्रश्न तेव्हा पडला. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आधार मिळाला.

माणसाला तराजूत बसविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण तिचा हेतू अगदी निराळा होता. 1674 साली रायगडावर राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. मोगल बादशहांची तुला दरवर्षी होई. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. अगदी अलीकडे, 1946 मध्ये, मुंबईत आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली. या सर्व तुलांत पारडे जितके जड, तितके दान मोठे. वजन कमी भरावे अशी इच्छा तेथे कोणी धरली नसेल.

आपल्या शरीराचे व्यवहार समजून घेण्यासाठी तराजूत बसणारा प्रसिद्ध पुरुष इटलीतला. पदुआच्या विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापन करणारे सांतोरिओ (1561-1636) यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षे जेवणापूर्वी, जेवणानंतर, झोपेनंतर स्वतःचे वजन केले. खाल्लेले-प्यालेले अन्न आणि बाहेर टाकलेले मल-मूत्र यांची वजने त्यांनी पडताळली, तेव्हा हिशेब जुळेना. आत गेलेल्यापैकी पुष्कळसा भाग कोठे जातो तेच दिसत नव्हते. न दिसणाऱ्या घामावाटे आणि श्वासावाटे तो निघून जातो, असा निष्कर्ष त्यांनी 1614 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. आजच्या वाचकाने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. माणसाचे वजन दिवसाच्या प्रत्येक प्रहरी बदलत असते, आणि त्यातला बराचसा बदल चरबीशी संबंधित नसतो. ज्याने तराजूशी सर्वांत जवळचे सख्य केले, त्यानेच ही गोष्ट प्रथम दाखवून दिली.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे जे गणित आज प्रत्येक दवाखान्यात चालते, त्याचा उगमही वैद्यकात नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ केटले (1796-1874) यांनी 1830च्या दशकात मोठ्या समाजांच्या मोजमापांतून 'सरासरी मनुष्य' शोधण्याचा उद्योग केला. वाढ पूर्ण झालेल्या माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांचे निरीक्षण. लठ्ठपणा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता, आणि एखाद्या व्यक्तीची पारख करणे हा तर नव्हताच. पुढे अमेरिकेतील विमा कंपन्यांनी मृत्यूच्या नोंदींवरून वजनांचे तक्ते बांधले. एका मोठ्या कंपनीचे 'आदर्श वजनां'चे तक्ते 1942-43 मध्ये निघाले आणि जगभर पसरले. मधल्या काळात, 1918 साली, कॅलिफोर्नियातील डॉक्टर लुलू हंट पीटर्स या बाईंनी उष्मांक मोजून वजन घटविण्याचे पुस्तक लिहिले व ते घरोघरी गेले. अखेर 1972 साली अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटले यांच्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. अशा रीतीने समाजाची सरासरी सांगणारा आकडा हळूहळू प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर येऊन बसला.

याच कीज यांचा आणखी एक प्रयोग आमच्या विषयाच्या गाभ्याशी जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातील भुकेल्या लोकांना पुन्हा कसे उभे करावे हे कळावे म्हणून, 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहणे पत्करले. हे तरुण शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे शांततावादी होते. 24 आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळाले आणि आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालावे लागले. आरंभी वजन भराभर उतरले, पुढे उतरण मंदावत गेली. शरीराने आपला खर्चच आवरता घेतला होता. विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा लक्षणीय घटली. शिवाय पाय सुजले, अंगात पाणी साठले, आणि त्या पाण्याने झालेली झीज काट्यापासून लपवून ठेवली. आवक घटली की खर्च घटविणारा गृहस्थ आपण ओळखतो. शरीर तसेच काटकसरी आहे. म्हणून पहिल्या महिन्याचा वेग तिसऱ्या महिन्यात राहत नाही. त्यात साधकाचा दोष नसतो.

आरंभीच्या वेगालाही फार भुलू नये. यकृत आणि स्नायू मिळून काही शे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवितात, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. जेवण आखडले की हा साठा रिता होतो आणि आठवड्यात दीड-दोन किलो उतरलेले दिसतात. एखाद्या लग्नकार्यात दोन दिवस जेवलो की ते परत येतात. उलट, नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याच्या शिणलेल्या स्नायूंत काही काळ पाणी राहते, पुढे स्नायू थोडे भरतातही. आत चरबी घटत असताना काटा स्थिर राहू शकतो तो यामुळे.

तर मग व्यायाम फळतो आहे हे ओळखावे कशावरून? या प्रश्नाचे एक मोठे उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सापडले. जेरेमी मॉरिस (1910-2009) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली दाखवून दिले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. शंका निघाली की वाहक मुळातच सडपातळ असतील. मॉरिस यांनी परिवहन खात्याच्या गणवेशांची मापे मागविली. चालकांच्या विजारींचा कंबरघेर खरोखरच मोठा निघाला. परंतु ताळा केल्यावर दिसले की वाहक सडपातळ असो, मध्यम असो वा पोटाळ, पायऱ्यांचा लाभ त्याला मिळतोच. शरीराचा आकार तोच राहिला तरी हालचालीचे पुण्य हृदयाच्या खाती जमा होत होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासातही असेच आढळले: वजन मुळीच न घटता केवळ व्यायामाने पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास घटते. घातक म्हणतात ती हीच चरबी.

आपल्या लोकांना तर काट्यावर विसंबण्याचे कारण आणखीच कमी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती 9.1 टक्के, तर पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. काट्याच्या लेखी दोघे समान होते. मधुमेहाच्या लेखी नव्हते. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही आतून चरबीदार असू शकतो, ही गोष्ट या एका चित्राने जगाला पटवून दिली. म्हणूनच आपल्याकडे कंबरेचा घेर पाहावा असे सांगतात: पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत. पूर्वी घरातल्या आजीला नातवाच्या करगोट्याची गाठ पाहून तो भरला की वाळला ते कळे. हे त्याच जातीचे माप होय.

येथे आम्हाला आपल्या तालमींचे स्मरण होते. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात व्यायामाला राजाश्रय होता. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी गुरूच्या नावाने चालविलेल्या व्यायाममंदिरात शेकडो मुले घडली. आबासाहेब मुजुमदारांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत येथूनच निघाला. त्या परंपरेत प्रगती मोजण्याच्या रीती पुष्कळ होत्या. जोर किती, बैठका किती, दम किती वेळात परत बसतो, मलखांबावरची पकड सुटते की टिकते, कालची जोडी आज हलकी वाटते का. आणि या साऱ्यांवर उस्तादाची नजर असे. ती परंपरा आम्ही भाबडेपणाने गौरवीत नाही. तालमीत जाणाऱ्या मुलाला वजन वाढावे अशीच आस असे, आणि आजचा मधुमेह हा तिच्यापुढचा प्रश्न नव्हता. तरीही रोज काहीतरी साधले असे दाखविणारी मापे तिच्याजवळ होती, म्हणून मुले वर्षानुवर्षे मातीत उतरत राहिली.

याच व्यायाममंदिरात 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा, जवळच्या डभोईस जन्मलेला तरुण माणिकरावांपाशी शिकला. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ख्यातनाम झालेल्या या पुरुषाने 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांनी शरीराच्या आत काय घडते ते क्ष-किरण व रक्तदाबमापक लावून पाहिले. मोजमापाला त्यांचा विरोध नव्हता. मोजायचे तर योग्य ठिकाणी मोजावे, एवढाच त्यांच्या कार्याचा धडा.

त्याहून जुना दाखला वाग्भटाचा आहे. 'अष्टांगहृदया'त व्यायामाची फळे सांगताना त्याने प्रथम अंगाचा हलकेपणा आणि काम करण्याचे सामर्थ्य सांगितले, मग प्रदीप्त जठराग्नी, आणि त्यानंतर मेदाचा क्षय. शेवटी घट्ट व रेखीव शरीर. हा क्रम आम्हाला अनुभवाशी जुळणारा वाटतो. हलकेपणा आधी जाणवतो, मेद नंतर उतरतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा हा त्याचा उपदेशही तितकाच मोलाचा. पहिल्याच महिन्यात जीव तोडून धावणारा दुसऱ्या महिन्यात अंथरूण धरतो, हे बागेतल्या कोणत्याही बाकावर बसून पाहता येते.

वजनाला काही अर्थच नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्यांचे वजन फार वाढले आहे, त्यांनी ते थोडे जरी उतरविले तरी साखर आणि रक्तदाब दोन्ही सुधारतात, हे निर्विवाद आहे. काटा असावा, पण रोज सकाळी त्याच्यापुढे हजेरी देऊ नये. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, पाहून नोंद करावी आणि महिन्याचा कल पाहावा. त्याच वहीत कंबरेचा घेर, ठरलेला पल्ला चालण्यास लागलेली मिनिटे, सकाळची नाडी आणि तीन महिन्यांनी रक्तातील साखर लिहावी. चार साक्षीदारांपैकी एक मुका राहिला तर खटला बुडत नाही.

आमच्या वहीत चौथ्या महिन्याच्या शेवटी वजनाच्या रकान्यात जवळजवळ आरंभीचाच आकडा होता. परंतु पट्ट्याला एक भोक आत घ्यावे लागले होते, स्थानकावरचा पूल न थांबता चढता येत होता, आणि उपाशीपोटीची साखर उतरली होती. वही नसती तर हे तिन्ही निसटून गेले असते आणि आम्ही चालणे सोडले असते. काटा पुढे हलला. सातव्या महिन्यात, तेही दोन किलो. तोवर आम्हाला त्याची फारशी वाट पाहावी लागली नव्हती.

गेल्या आठवड्यात असेच एक स्नेही बागेच्या फाटकाशी भेटले. काटा हलत नाही म्हणून येणे बंद करणार होते. आम्ही त्यांना वाग्भट सांगितला नाही की मॉरिसही नाही. खिशातून शिंप्याची फीत काढून त्यांच्या हाती दिली आणि उद्या सकाळी घेऊन या म्हणून सांगितले. ते दुसऱ्या दिवशी आले. फीत त्यांनी अजून परत केलेली नाही, आणि आम्हीही मागितलेली नाही.