ससून–रॉथशिल्ड विवाह

पुण्यांत ‘ससून’ म्हटलें कीं रुग्णालय डोळ्यांपुढें येतें. मुंबईंत म्हटलें कीं कुलाब्याची गोदी आणि तेथील मासळीबाजार. हें एका घराण्याचें आडनांव आहे, आणि मुळांत तर तें आडनांवही नसून बगदादच्या एका गृहस्थाचें नांव होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. या घराण्यांतील एका मुलाचा विवाह १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत पॅरिस येथें झाला. वर एडवर्ड ससून, १८५६ सालीं मुंबईंत जन्मलेला. वधू आलीन, पॅरिसच्या बॅरन ग्युस्ताव्ह द रॉथशिल्ड यांची कन्या. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचें सुवर्णमहोत्सवी वर्ष होतें तें. त्या काळच्या उच्चभ्रू समाजांत थाटाचीं लग्नें कांहीं कमी झालीं नाहींत. पण आपणांपैकीं कोणाला आपलें म्हणून ज्याची चौकशी करावीशी वाटेल, असें हेंच एक लग्न मला दिसतें.

इतिहासांत कधीं कधीं असे योगायोग सांपडतात कीं ते रचलेले वाटावेत. वराचे आजोबा डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ सालचा, बगदादचा. वधूचे आजोबा जेम्स रॉथशिल्ड यांचाही जन्म १७९२ सालचाच, फ्रँकफर्टचा. डेव्हिडचे वडील ससून बिन सालेह हे बगदादच्या पाशांचे खजिनदार होते. त्यांचा हुद्दा ‘सराफ बाशी’. हा सराफ शब्द आपलाही आहे, तेव्हां त्याचा अर्थ सांगावयास नको. जेम्सचे वडील मायर आम्शेल हे जर्मनींतील हेस्से–कासेलच्या राजघराण्याची सावकारी पाहात. फ्रँकफर्टचे यहुदी त्या काळीं एका अरुंद गल्लींत कोंडलेले असत. रात्रीं व रविवारीं त्या गल्लीचे दरवाजे बंद होत. दोन्ही घराणीं धर्मानें यहुदी, दोन्ही परक्या राजाच्या मर्जीवर जगणारीं आणि दोघांचाही धंदा पैशाचा.

पुढें मात्र नशिबाचे मार्ग निराळे झाले. मायर आम्शेलचे पांच पुत्र फ्रँकफर्ट, लंडन, व्हिएन्ना, नेपल्स व पॅरिस अशा पांच ठिकाणीं पसरले आणि युरोपांतील राजेरजवाड्यांना कर्ज देऊं लागले. पॅरिस जेम्सच्या वांट्यास आलें. १८२२ सालीं ऑस्ट्रियाच्या बादशहानें या भावांना बॅरन केलें. डेव्हिड ससून यांच्या नशिबीं पदवी आली नाहीं, पलायन आलें. दाऊद पाशाच्या जुलमामुळें त्यांना बगदाद सोडून इराणच्या बुशायर बंदरांत आश्रय घ्यावा लागला. वृद्ध पिता तेथेंच १८३० सालीं वारला. त्यानंतर थोडक्याच काळांत डेव्हिड मुंबईस येऊन स्थायिक झाले. कोटांतील पेढी, भायखळ्यांतील राहणी, अंगावर शेवटपर्यंत बगदादी पोशाख. १८५३ सालीं ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हां कागदावर सही केली ती हिब्रू लिपींत, कारण इंग्रजी त्यांना लिहितां येत नव्हतें. १८६४ सालीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. लष्करांतील ज्याला आपण लाल देऊळ म्हणतों, त्या प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्यांची कबर आहे.

ही पुंजी आली कोठून, हें विचारल्यावांचून या सोयरिकीचा विचार पुरा व्हावयाचा नाहीं. कापूस होता, कापड होतें, अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, मुंबईवर जो सोन्याचा पाऊस पडला त्यांतलाही वांटा होता. परंतु मोठा आधार अफूचा. माळव्यांतील शेतकऱ्यांनीं पिकविलेली अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. १८७० नंतर जार्डिन मॅथेसन ही बडी कंपनी त्या धंद्यांतून बाजूला झाली आणि ससूनांचा वरचष्मा झाला. सरकारलाही त्या धंद्यांतून मोठें उत्पन्न होतें, म्हणून कायद्यानें तो गुन्हा नव्हता. रुग्णालयाची दगडी भिंत पाहून कृतज्ञता वाटते, ती वाटावीच. पण चीनमधील व्यसनी माणसाचाही त्या भिंतींत कांहीं भाग आहे, हें विसरणें इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

डेव्हिड यांचे थोरले पुत्र अब्दुल्ला. हेच पुढें आल्बर्ट झाले. नांवांतील हा पालट मला फार बोलका वाटतो. १८७५ सालीं कुलाब्याची गोदी त्यांनीं बांधून पुरी केली. वेल्सच्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा त्यांनींच मुंबईला दिला. १८७९ सालीं तो उभा राहिला आणि लोकांनीं राजपुत्रास सोडून घोड्याचेंच नांव त्या जागेला दिलें. पुतळा १९६५ सालीं तेथून हलला, तरी काळा घोडा नांवानें शिल्लक राहिलाच. पण पुतळा उभा राहण्यापूर्वींच आल्बर्ट विलायतेस राहावयास गेले होते. त्यांचे सावत्र भाऊ रूबेन व आर्थर हेही तिकडे राजपुत्राच्या बैठकींत वावरूं लागले.

रॉथशिल्ड घराण्याशीं ससूनांचा धागा प्रथम जुळला तो या आर्थरमुळें. आर्थरची पत्नी त्रिएस्तच्या पेरुजिया घराण्यांतील. तिची बहीण मारी हिचा विवाह १८८१ सालीं लंडनचे लिओपोल्ड रॉथशिल्ड यांच्याशीं झाला, आणि त्या विवाहास खुद्द वेल्सचा राजपुत्र यहुदी प्रार्थनामंदिरांत हजर राहिला. त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती. मेहुणीच्या नात्यानें घरोबा झाला. सहा वर्षांनीं प्रत्यक्ष सोयरीक घडली.

रॉथशिल्डांची जुनी रीत अशी कीं मुली शक्यतों घराबाहेर द्यावयाच्या नाहींत. जेम्स यांनीं स्वतः आपल्या सख्ख्या पुतणीशीं लग्न केलें होतें. चुलत भावंडांचीं लग्नें तर सर्रास होत. पैसा घरांत राहावा हा हेतु उघड होता. ग्युस्ताव्ह यांनीं मात्र स्वतः बाहेरची वधू केली होती, आणि आलीनची बहीण झोए ही १८८२ सालीं ब्रसेल्सच्या लांबेर नांवाच्या सावकारास दिली होती. तेव्हां दार किलकिलें झालेलेंच होतें. पण लांबेर झाला तरी युरोपचा! बगदादच्या पळपुट्या सराफाचा पणतू आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा नातू पॅरिसच्या बॅरनचा जांवई व्हावा, याला धर्माचें ऐक्य कारण झालें तितकीच संपत्तीही झाली, असें माझें मत आहे. त्याच घराण्यांतील आल्फ्रेड ससून यानें कांहीं वर्षें आधीं ख्रिस्ती मुलीशीं लग्न केलें, तेव्हां त्याच्या आईनें तो मेला असें मानलें. एडवर्डचा विवाह यहुदी विधीनें झाला, म्हणून घरांत आनंद झाला असेल, हें सहज समजण्यासारखें आहे.

येथें आपल्या कोकणची आठवण होते. कुलाबा जिल्ह्यांत शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. धर्म तोच, शब्बाथ तोच. तरी मुंबईचे बगदादी यहुदी त्यांच्याशीं रोटीबेटीव्यवहार करण्यास कचरत. मुंबईहून पॅरिसची सोयरीक जमली, पण अलिबागची जमली नाहीं. जातीचा अभिमान केवळ आपणांतच असतो असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

या विवाहानंतर तीन वर्षांनीं आल्बर्ट यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. १८९६ सालीं ते वारल्यावर तो एडवर्डकडे आला. एडवर्ड १८९९ सालीं हाइथ मतदारसंघांतून पार्लमेंटांत गेला. याच जागेवरून पूर्वीं एक रॉथशिल्ड निवडून येत असे. आलीन ही सुसंस्कृत व कलाप्रेमी. पार्क लेनवरील तिच्या घरीं मुत्सद्दी व चित्रकार जमत. सार्जंट या नामांकित चित्रकारानें १९०७ सालीं तिचें चित्र काढलें. दोन वर्षांनीं ती वारली.

इकडे मुंबईची पेढी कोण पाहात होतें? एडवर्डची भाची फ्लोरा. तिचें लग्न १८७६ सालीं मुंबईंतच, तिच्या आजोबांच्या सावत्र भावाशीं, सॉलोमनशीं झालें होतें. सॉलोमन १८९४ सालीं वारला आणि या विधवा बाईनें पेढीचा कारभार हातीं घेतला. हिब्रू धर्मग्रंथांत ती पारंगत होती. १८९६ च्या प्लेगांत हाफकिन यांच्या लशीला लोक भीत असतां तिनें स्वतः टोंचून घेतलें आणि इतरांचें मन वळविलें. १९०१ मध्यें तीही विलायतेस गेली. दोन लग्नें, अकरा वर्षांच्या अंतरानें, एकाच घराण्यांत: एक घराला मुंबईशीं बांधणारें, दुसरें सोडविणारें. मान पॅरिसच्या लग्नाला मिळाला. काम मुंबईच्या लग्नानें केलें.

एडवर्ड १९१२ सालीं गेला. आलीनचा मुलगा फिलिप बापाच्याच जागेवरून पार्लमेंटांत आला, पहिल्या महायुद्धांत सरसेनापति हेग यांचा खाजगी चिटणीस झाला, पुढें विमानखात्याचा उपमंत्री झाला. त्यानें लग्न केलें नाहीं. १९३९ सालीं तो वारला आणि किताबही त्याच्याबरोबर संपला. मुलगी सिबिल हिनें १९१३ सालींच एका ख्रिस्ती उमरावाशीं विवाह केला आणि ती नॉर्फोकमधील वॉलपोलच्या जुन्या वाड्याची मालकीण झाली.

आल्बर्ट यांनीं ब्रायटन येथें समुद्राजवळ आपल्यासाठीं एक समाधि बांधून ठेवली होती, हिंदुस्थानी धाटणीच्या घुमटाची. बापलेक दोघेही तेथें पुरले गेले. १९३३ सालीं फिलिपनें ती जागा विकली, अस्थि लंडनला विल्सडेनच्या दफनभूमींत नेल्या, आणि तो घुमट पुढें शेजारच्या मद्यगृहाच्या मालकांकडे गेला.