लौकिक आणि सुरक्षितता

संकेतस्थळांची विश्वासार्हता लोकमताने ठरविण्याचा ठळक प्रयोग म्हणजे २००६ साली फिनलंडमध्ये उदयास आलेला ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हा उपक्रम होय. वापरकर्त्यांच्या अभिप्रायांवरून स्थळाच्या दुव्याशेजारी हिरवी, पिवळी वा तांबडी खूण उमटे. बनावट दुकानाची लबाडी यंत्राच्या नजरेतून निसटली तरी नाडलेल्या ग्राहकास ती उमगते. हे या पद्धतीचे बळ. तथापि नामांकित स्थळात चोरपावलांनी शिरलेला घातक प्रोग्राम मत देणाऱ्यास दिसत नाही, आणि संघटित मतांनी निर्दोष स्थळही बदनाम होऊ शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीआर या जर्मन प्रसारणसंस्थेने या उपक्रमाच्याच वापरकर्त्यांच्या जालभ्रमणाची माहिती इतरांस विकली जात असल्याचे उघडकीस आणले. ते पत्रकारांच्या तपासातून कळले; मतगणनेतून नव्हे. म्हणून लोकमत इशारा म्हणून ग्राह्य, निर्णय म्हणून नव्हे.